सापडावं म्हणून : जुन्या गेमच्या हौशी मॉड्सची नोंद कशी ठेवावी

'एचआर डॉट झिप', 'एव्ही डॉट झिप'. 'डूम' या गेमसाठी जगभरच्या चाहत्यांनी रचलेल्या लेव्हल्स जिथे तीस वर्षं साठत आल्या आहेत, त्या 'आयडीगेम्स' नावाच्या भांडारात शिरलं की अशा नावांची रांगच्या रांग समोर येते. पहिल्या फायलीत 'हेल रिव्हील्ड' आहे, १९९७ साली आलेला ३२ लेव्हल्सचा संच. शत्रूंच्या झुंडी एकदम अंगावर सोडण्याची जी रीत पुढे डूमच्या अवघड लेव्हल्समध्ये सर्रास दिसू लागली, ती रुजवण्यात या संचाचा मोठा हात आहे. दुसऱ्या फायलीत 'एलियन व्हेंडेटा' आहे, २००१ सालचा, आजही आवडीने खेळला जाणारा. पण ज्याला हे आधीच ठाऊक आहे त्यालाच त्या दोन-दोन अक्षरांतून काही कळणार. काल पहिल्यांदा डूम खेळून संपवलेल्या आणि आणखी काहीतरी शोधत आलेल्या मुलीला त्यातून काहीच कळत नाही.

नावं इतकी तोकडी असण्याचं कारण साधं आहे. डॉसमध्ये फायलीच्या नावाला आठ अक्षरांची मर्यादा होती. डूम १० डिसेंबर १९९३ रोजी आला, आणि पुढच्या काही आठवड्यांतच चाहत्यांनी त्याच्या लेव्हल्स बदलण्याची साधनं तयार केली. लेव्हल्स एफटीपी सर्व्हरवर साठू लागल्या. फोल्डर पाडले गेले ते इंग्रजी आद्याक्षरांप्रमाणे : ए ते सी, डी ते एफ, असे. तेव्हा ते पुरेसं होतं, कारण येणारा माणूस फायलीचं नाव कुणाकडून तरी ऐकूनच यायचा. आज तो नाव न ऐकता येतो. त्याला माहीत असतो मूळ गेम, स्वतःची आवड, आणि फार तर आपल्याकडे कोणतं यंत्र आहे ते. या तीन गोष्टींवरून त्याला नेमका मॉड गाठता यावा, यासाठी करणाऱ्याने आणि सांभाळणाऱ्याने काय लिहून ठेवलं पाहिजे, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. मॉड सापडेल की नाही हे त्याच्यासोबत लिहिलेल्या नोंदीवर ठरतं. शोधाची चौकट कितीही चांगली असो, नोंदीत जे नाही ते ती शोधू शकत नाही. आणि ही नोंद मॉड पूर्ण झाला त्याच आठवड्यात, ज्याने तो केला त्याच्याच हातून लिहिली गेली पाहिजे. सहा महिन्यांनी करणाऱ्यालाही आठवत नाही की आपण कोणत्या आवृत्तीवर काम केलं होतं. दहा वर्षांनी तर त्याचा पत्ताही लागत नाही.

मॉड, हॅक, पॅच हे शब्द पुढे वारंवार येतील, म्हणून थोडं स्पष्ट करतो. चाहत्याने मूळ गेममध्ये केलेला कोणताही बदल म्हणजे मॉड. डूमसारख्या पीसीवरच्या गेममध्ये सगळी सामग्री 'वॅड' नावाच्या फायलीत असते : नकाशे, चित्रं, आवाज. चाहत्याची वॅड मूळ वॅडला हात लावत नाही. तिच्यातल्या नकाशाला मूळ नकाशाचंच नाव दिलेलं असतं आणि गेम सुरू होताना नवा नकाशा जुन्याच्या जागी घेतला जातो. जॉन कारमॅकने ही रचना मुद्दाम केली होती, कारण आधीच्या 'वुल्फेनस्टाइन ३डी'मध्ये लोक मूळ फायलीच बदलत होते हे त्याने पाहिलं होतं. निन्टेन्डो, सेगा यांच्या कॅसेटवरच्या गेममध्ये अशी सोय नाही. तिथे संपूर्ण गेम एका रॉममध्ये असतो, आणि बदल करायचा तर त्या रॉमचेच बाइट बदलावे लागतात. त्याला रॉम हॅक म्हणतात. बदललेला पूर्ण गेम वाटला तर मूळ कंपनीची मालमत्ता वाटल्यासारखं होतं, म्हणून फक्त फरकाची फाइल वाटतात. ती फाइल म्हणजे पॅच. पॅच नुसता घेऊन खेळता येत नाही. मूळ गेमची प्रत ज्याची त्याने आणायची, तिच्यावर पॅच चढवायचा आणि मग खेळायचं.

या प्रकाराशी आपली ओळख वाटते त्यापेक्षा जुनी आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षं आपल्याकडे टीव्हीला जोडायचा जो 'व्हिडिओ गेम' घरोघरी आला, तो बहुतेक वेळा निन्टेन्डोच्या जपानी फॅमिकॉम यंत्राची नक्कल असे. त्याच्या कॅसेटवर ९,९९९ गेम असल्याचं छापलेलं असे. सुरू केलं की पडद्यावर यादी यायची, पानामागून पान. प्रत्यक्षात मोजकेच गेम पुन्हा पुन्हा वेगळ्या नावांनी आलेले असत. कुठे खेळ मधल्याच लेव्हलपासून सुरू व्हायचा, कुठे जीव वाढवलेले असायचे, कुठे चित्रांचे रंग फिरवलेले. तेही मॉडच होते, फक्त कुणी केले आणि काय बदललं याचा कुठे पत्ता नाही. मुलं मग नावावर विश्वास ठेवायचं सोडून आकडे लक्षात ठेवत : अमुक नंबरला खरा मारियो, तमुक नंबरला भारी बंदूक आधीच हातात असलेला कॉन्ट्रा. छापलेली यादी खोटी निघाल्यावर मुलांनी स्वतःची यादी तयार केली होती, आणि ती गल्लीत तोंडी फिरत होती.

कॉन्ट्राचंच उदाहरण पुढे नेतो, कारण नोंद कुठे कमी पडते हे त्याच्यावरून नीट दिसतं. कोनामीने हा गेम १९८७ साली आर्केडसाठी काढला आणि १९८८ साली घरगुती यंत्रावर आणला. जपानमधल्या फॅमिकॉमची प्रत आणि अमेरिकेतली निन्टेन्डोच्याच एनईएस यंत्राची प्रत खेळायला सारख्याच वाटतात. पण जपानी प्रतीत लेव्हल्सच्या मधे कथेची दृश्यं आणि नकाशा येतो, काही ठिकाणी पार्श्वभूमी हलते, आणि हे सगळं चालवण्यासाठी त्या कॅसेटमध्ये कोनामीची वेगळी चिप आहे. युरोपात हाच गेम १९९० साली 'प्रोबोटेक्टर' या नावाने आला, आणि त्यात माणसांच्या जागी यंत्रमानव आहेत. म्हणजे एकाच गेमच्या तीन प्रती झाल्या, आणि तिन्हींमध्ये माहिती वेगवेगळ्या जागी बसलेली आहे. आता कुणी कॉन्ट्राच्या लेव्हल्स नव्याने रचून पॅच तयार केला आणि नोंदीत नुसतं 'कॉन्ट्रासाठी' असं लिहिलं, तर तो पॅच शोधणाऱ्याला मिळेल, पण चालेलच असं नाही. हातात मिळालेला आणि चालू न झालेला मॉड न सापडल्यासारखाच. उलट तो अधिक नुकसान करतो, कारण खेळणारा समजतो की मॉडच वाईट आहे, आणि तसं चार जणांना सांगतो.

इथे पॅचच्या फायलीत जरा डोकावून बघावं लागेल. सगळ्यात जुना आणि अजूनही सर्वत्र दिसणारा प्रकार म्हणजे आयपीएस. त्याची फाइल उघडली तर पहिली पाच अक्षरं 'पॅच' या शब्दाची असतात आणि शेवटची तीन 'समाप्त' सांगणारी. मधे फक्त एवढंच असतं : अमुक जागी जा, इतके बाइट घे, त्यांच्या जागी हे लिही. जागेचा आकडा तीन बाइटांत बसवलेला असल्यामुळे १६ मेगाबाइटच्या पलीकडे आयपीएस पोचत नाही. पण खरी उणीव दुसरीच आहे. आपण ज्या फायलीवर लिहितो आहोत ती बरोबर आहे का, हे तो विचारत नाही. चुकीच्या प्रतीवरही तो मुकाट्याने लिहून मोकळा होतो.

सुपर निन्टेन्डोच्या रॉममध्ये याची हमखास गाठ पडते. 'सुपर मारियो वर्ल्ड'चा रॉम ५,२४,२८८ बाइटांचा आहे. पण पूर्वी कॅसेटची नक्कल काढणारी उपकरणं स्वतःच्या सोयीसाठी फायलीच्या सुरुवातीला ५१२ बाइटांचं शीर्ष जोडायची, आणि अशा प्रती वर्षानुवर्षं फिरत राहिल्या. त्यांचा आकार ५,२४,८०० बाइट. शीर्ष असलेल्या प्रतीवर तयार केलेला आयपीएस पॅच शीर्ष नसलेल्या प्रतीवर चढवला की प्रत्येक बदल ५१२ घरं पुढे पडतो. शर्टाचं पहिलं बटण चुकीच्या काजात गेलं की खालची सगळी जशी चुकत जातात, तसं होतं. पडदा काळा राहतो, किंवा मारियोच्या जागी चौकोनांचा कचरा दिसतो. पॅचच्या नोंदीत 'शीर्षासह' किंवा 'शीर्षाशिवाय' एवढा एक शब्द असता तर हे टळलं असतं. जुन्या नोंदींपैकी कितीतरींमध्ये तो शब्द नाही.

पुढे आलेल्या बीपीएस प्रकाराने ही उणीव भरून काढली. त्याच्या फायलीचे शेवटचे १२ बाइट म्हणजे तीन खुणा : मूळ रॉमची, पॅच चढवल्यानंतरच्या रॉमची, आणि खुद्द पॅचची. सीआरसी ३२ नावाच्या हिशेबाने या खुणा काढतात. फायलीतला एक बाइट जरी बदलला तरी खूण बदलते, म्हणून चुकीची प्रत दिली की बीपीएस सरळ नकार देतो. मला या रचनेतली आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. बीपीएसच्या फायलीत सुरुवातीलाच, आकारांचे आकडे संपल्यावर, मॉडची माहिती लिहायला जागा राखून ठेवली आहे. नाव, करणारा, आवृत्ती, भाषा, काहीही तिथे लिहिता येतं, आणि ते पॅचच्या पोटात राहून त्याच्याबरोबर सगळीकडे जातं. मी उघडून पाहिलेल्या बहुतेक पॅचमध्ये ही जागा रिकामी होती. सोय आहे, ती वापरली जात नाही. या पुस्तिकेचं तिसरं प्रकरण पूर्णपणे त्या रिकाम्या जागेवर आहे.

डूमच्या लोकांनी मात्र नोंदीचं महत्त्व फार लवकर ओळखलं. आयडीगेम्सच्या भांडारात झिप फायलीबरोबर एक साधी मजकुराची फाइल द्यावी लागते, आणि तिचा साचा ठरलेला आहे. त्यात शीर्षक, करणाऱ्याचं नाव, वर्णन ही अपेक्षित कलमं आहेतच. पण त्यापुढची कलमं वाचण्यासारखी आहेत : एकट्याने खेळायचं आहे की दोघा-चौघांनी मिळून, की एकमेकांविरुद्ध? सोपं-अवघड ठरवायची सोय केली आहे का? लेव्हल कोऱ्या पाटीवरून रचली की कुणाच्या आधीच्या कामावर? किती वेळ लागला? कोणत्या साधनाने रचली? कोणते दोष माहीत आहेत? कोणत्या इंजिनवर चालत नाही, कशावर चालवून पाहिली? आणि शेवटी परवानगी : दुसऱ्या कुणी याचा पाया घेऊन नवीन काम करावं का?

हा साचा ज्यांनी केला त्यांनी शोधणाऱ्याच्या बाजूने विचार केला होता, असं मला तो प्रत्येक वेळी वाचताना वाटतं. 'माहीत असलेले दोष' हे कलम तर मला सर्वांत प्रामाणिक वाटतं. तिथे कुणी लिहितो की पिवळ्या किल्लीच्या दारामागे एक राक्षस अडकतो, दुसरा लिहितो की उत्तरेकडच्या अंगणात चित्र किंचित फाटतं. वाचणाऱ्याला त्यातून दोन गोष्टी समजतात : पुढे काय वाढून ठेवलं आहे, आणि करणाऱ्याने आपलं काम किती वेळा तपासलं आहे.

याच साच्यात काळाबरोबर एक अडचण शिरली. डूमचा स्रोत-कोड डिसेंबर १९९७ मध्ये खुला झाला आणि चाहत्यांनी नवीन इंजिनं तयार केली. मूळ इंजिनात एका नजरेत मावणाऱ्या जमिनी-छतांच्या पट्ट्यांना १२८ ची मर्यादा होती. ती ओलांडली की गेम बंद पडायचा. नव्या इंजिनांनी मर्यादा उठवली, काहींनी उतार, पाणी, संवाद, कितीतरी सोयी आणल्या. मग एकाच फोल्डरमध्ये १९९४ च्या डॉसवर चालणारी लेव्हल आणि फक्त एका आधुनिक इंजिनवरच चालणारी लेव्हल शेजारी शेजारी बसू लागल्या. चाहत्यांनी यावर आपली शब्दावली घडवली : 'व्हॅनिला' (मूळ इंजिनावर चालणारी), 'मर्यादामुक्त', 'बूम-सुसंगत' ('बूम' या नव्या इंजिनाच्या सोयी लागणारी) आणि पुढे आणखी काही. या शब्दांचा शोधाला केवढा उपयोग आहे! एका शब्दात कळतं की आपल्या यंत्रावर हे चालेल की नाही. पण हे शब्द वर्णनाच्या वाक्यात कुठेतरी गुंतवून टाकले तर यंत्राला ते वेगळे काढता येत नाहीत. त्यांना स्वतंत्र रकाना हवा, आणि रकान्यात ठरलेले पर्याय हवेत.

रकाने कोणते असावेत, हा प्रश्न ग्रंथालयशास्त्राला नवा नाही. आपल्या देशात एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली कोलन वर्गीकरण मांडलं. पुस्तकाला एकाच फळीवर एकाच जागी बसवून प्रश्न सुटत नाही, त्याचे अनेक पैलू वेगवेगळे नोंदवले पाहिजेत आणि मग ते जोडले पाहिजेत, हा त्यामागचा विचार होता. त्याआधी १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले होते, आणि त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. आज कोणत्याही खरेदीच्या संकेतस्थळावर किंमत, रंग, आकार अशा खुणा लावून आपण यादी लहान करत जातो, त्याचं मूळ या पैलूंच्या विचारात आहे. मॉडच्या बाबतीत माझ्या मते पैलू साधारण असे पडतात : कोणत्या गेमवर, कोणत्या प्रतीवर, काय बदललं (लेव्हल्स, गोष्ट, चित्रं, संगीत, भाषा, की फक्त एखादा त्रासदायक दोष दुरुस्त केला), किती अवघड, किती मोठा, पूर्ण की अर्धा. आद्याक्षराचा फोल्डर यातला एकही पैलू सांगत नाही.

अवघडपणाचा पैलू सर्वांत वादग्रस्त असतो. 'सुपर मारियो वर्ल्ड'च्या चाहत्यांनी त्यावर फार चांगलं काम केलं आहे. 'लूनर मॅजिक' या साधनामुळे २००० पासून त्या गेमच्या लेव्हल्स रचणं कुणालाही शक्य झालं, आणि त्यातून दोन वेगळे प्रवाह तयार झाले : नेहमीसारखे खेळता येणारे हॅक, आणि 'काइझो' म्हणून ओळखले जाणारे, एका-एका उडीवर शेकडो वेळा मरायला लावणारे. एसएमडब्ल्यू सेंट्रल या त्यांच्या ठिकाणी हे दोन प्रवाह वेगळे ठेवले आहेत आणि प्रत्येकात सोप्यापासून अतिकठीणपर्यंत पायऱ्या आहेत. शिवाय हॅकमध्ये बाहेर पडण्याचे मार्ग किती, हा आकडा नोंदीत असतो. मूळ गेममध्ये ते ९६ आहेत, त्यामुळे 'मार्ग १२' असं दिसलं की खेळणाऱ्याला लगेच कळतं की हा एका संध्याकाळचा खेळ आहे. आकार सांगण्याचं हे माप फार नेमकं आहे. एसएमडब्ल्यू सेंट्रलवर कुणीही काहीही टाकू शकत नाही, हेही सांगायला हवं : आलेला हॅक स्वयंसेवक खेळून बघतात आणि मगच तो यादीत येतो. ही रांग लांबते, लोक वैतागतात. तरीही माणसाने खेळून केलेली नोंद मला जास्त मोलाची वाटते. करणाऱ्याला आपली लेव्हल नेहमीच सोपी वाटते, कारण कोणता खड्डा कुठे आहे हे त्याला पाठ असतं.

नावांचा गोंधळ थोडक्यात सांगतो. जपानमध्ये 'रॉकमन' आणि बाहेर 'मेगा मॅन'. जपानमध्ये 'अकुमाजो द्राक्युला' आणि बाहेर 'कॅसलव्हेनिया'. 'सेइकेन देन्सेत्सु ३' हा गेम जपानमध्ये १९९५ साली आला, आणि पंचवीसएक वर्षांनी इंग्रजीत अधिकृतपणे आला तेव्हा त्याचं नाव 'ट्रायल्स ऑफ माना' होतं. मधल्या बऱ्याच काळात चाहत्यांनी केलेल्या भाषांतराचा पॅचच लोक खेळत होते, आणि तो अर्थातच जुन्या नावाखाली नोंदलेला आहे. आज नव्या नावाने शोधणाऱ्याला तो मिळत नाही. उपाय सोपा आहे : नोंदीत 'इतर नावं' असा रकाना ठेवायचा आणि उदार मनाने भरायचा.

सापडण्याची दुसरी वाट म्हणजे जाणकाराचा शब्द. डूमच्या चाहत्यांमध्ये २००४ पासून दर वर्षी 'काकोवॉर्ड्स' दिले जातात. वर्षभरातल्या निवडक कामांवर कुणीतरी नीट विचार करून दोन परिच्छेद लिहितं. यातून कितीतरी अनोळखी माणसांची कामं पुढे आली. अशा निवडीला दुसरी बाजू आहे, ती म्हणजे निवडीत न आलेलं काम आणखी खोल जातं. तरीही मला निवड हवीशी वाटते. नोंद आणि निवड दोन्ही असल्या, तर निवडीतून आलेला माणूस नोंदीच्या आधाराने पुढे भटकू शकतो.

काही कामांना नोंदच मारक ठरू शकते, हेही मान्य करायला हवं. मार्च २०२३ मध्ये 'मायहाउस' नावाची डूमची लेव्हल आली. दिवंगत मित्राच्या जुन्या फायलीतलं साधं घर, अशी तिची ओळख करून दिली होती. आत शिरल्यावर ते घर बदलत जातं, आणि कसं बदलतं हे आधी कळलं तर सगळा परिणाम संपतो. अशा कामाच्या नोंदीत सगळे पैलू उघड केले तर तो करणाऱ्यावर अन्याय होईल. म्हणून पुस्तिकेत मी 'करणाऱ्याच्या इच्छेने झाकलेलं' असा एक पर्याय सुचवला आहे. कोणत्या इंजिनवर चालतं हे सांगायचं, बाकीचं राखून ठेवायचं.

परवानगी आणि कायदा हा विषय टाळून चालणार नाही. पॅच वाटल्याने कायद्याचा प्रश्न पूर्ण सुटत नाही. 'पोकेमॉन प्रिझम' हा वर्षानुवर्षं मेहनत करून केलेला हॅक डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध व्हायला काही दिवस उरले असताना निन्टेन्डोच्या नोटिशीमुळे थांबवावा लागला. जे काम जास्त ठळकपणे दिसतं त्याच्यावर नोटीस येण्याची शक्यता जास्त, त्यामुळे काही जण मुद्दाम नोंद अर्धवट ठेवतात. त्यांची भीती मला समजते. पण परवानगीचं कलम कोरं ठेवण्याचं नुकसान वेगळंच असतं. नव्वदच्या दशकात व्यापाऱ्यांनी चाहत्यांच्या शेकडो लेव्हल्स गोळा करून त्यांच्या सीडी दुकानांत विकल्या, आणि रचणाऱ्यांना त्यातून काही मिळालं नाही. त्यानंतर अनेकांनी आपल्या मजकुराच्या फायलीत 'पैसे घेऊन वाटू नये' असं स्पष्ट लिहायला सुरुवात केली. पुढे कुणाला जुन्या लेव्हलवर नवीन काम करायचं असतं आणि मूळ माणूस भेटत नाही, तेव्हा त्या एका ओळीवर सगळं अवलंबून असतं.

आता ज्या गोष्टीमुळे ही पुस्तिका लिहायची घाई वाटली ती. रॉमहॅकिंग डॉट नेट हे रॉम हॅकचं आणि चाहत्यांच्या भाषांतरांचं सर्वांत मोठं ठिकाण २००५ पासून चालत होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे नव्या नोंदी घेणं थांबलं, आणि आजवरचा संग्रह इंटरनेट अर्काइव्हच्या हवाली करण्यात आला. फायली वाचल्या, ही मोठी गोष्ट आहे. पण फायलींचा ढीग आणि शोधता येणारा संग्रह यात फरक असतो. तिथल्या नोंदींमध्ये मूळ रॉमची खूण, प्रकार, भाषा, परीक्षणं, चित्रं हे सगळं एकमेकांशी जोडलेलं होतं. असं काही दुसरीकडे न्यायचं तर ते जोड टिकवावे लागतात. त्याच्याही आधी, २००९ मध्ये जिओसिटीज बंद झालं तेव्हा चाहत्यांची असंख्य घरगुती पानं गेली, आणि त्यांच्यावरची 'हा पॅच कसा लावायचा' ही माहितीही गेली. पॅच कुणाच्या तरी डिस्कवर उरले. ते कशावर चालतात हे सांगणारं कुणी उरलं नाही.

म्हणून पुस्तिकेतली सर्वांत ठाम सूचना ही आहे की नोंद संकेतस्थळाच्या कोठारात एकट्याने राहू नये. ती झिपच्या आत मजकुराच्या फायलीत असावी, बीपीएस असेल तर त्याच्या पोटातल्या जागेतही असावी, आणि संकेतस्थळाने ती तिथूनच वाचून दाखवावी. असं केलं तर एक ठिकाण बंद पडल्यावर दुसरं ठिकाण त्याच फायलींवरून उभं राहू शकतं. 'क्वेक' या गेमच्या चाहत्यांनी याची चुणूक दाखवली आहे : त्यांच्या संग्रहात प्रत्येक नकाशाला लागणाऱ्या इतर फायली आणि सुरुवातीचा नकाशा कोणता हे यंत्राला वाचता येईल असं नोंदलेलं आहे, त्यामुळे एका छोट्या प्रोग्राममधून नकाशा निवडला की तो उतरतो, योग्य फोल्डरमध्ये बसतो आणि सुरू होतो. शोधणं, मिळवणं आणि खेळणं यांतली दरी तिथे जवळजवळ मिटली आहे.

भाषेच्या रकान्याविषयी मराठी वाचकांसाठी थोडं. चाहत्यांच्या भाषांतरांचा इतिहास मोठा आहे. 'मदर ३' हा गेम निन्टेन्डोने इंग्रजीत काढलाच नाही, म्हणून चाहत्यांनी तो ऑक्टोबर २००८ मध्ये आणला. जुन्या गेममध्ये देवनागरी आणायची झाली तर अडचण खरी आहे. एनईएसवर पार्श्वभूमीची चित्रं ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या तुकड्यांनी बनतात, आणि एका वेळी असे २५६ तुकडे हाताशी असतात. त्यातच गेमची चित्रंही बसवायची असतात. रोमन लिपीला पंचवीस-पन्नास तुकडे पुरतात. आपल्याकडे वेलांटी वर जाते, उकार खाली, जोडाक्षर आडवं पसरतं, आणि आठ ठिपक्यांच्या उंचीत शिरोरेषा, अक्षर आणि मात्रा तिन्ही मावत नाहीत. एका अक्षराला दोन मजले द्यावे लागतील. तरी हे होण्यासारखं आहे, आणि कुणी केलंच तर त्याच्या नोंदीत भाषा म्हणून 'मराठी' लिहायला रकाना हवा, 'इतर' असा नको. वर्णनही मराठीत लिहिण्याची आणि गेमचं नाव देवनागरीतून शोधण्याची सोय हवी. 'कॉन्ट्रा' असं टाइप करणाऱ्याला काहीच मिळालं नाही, तर तो आपल्या भाषेतलं काही इथे असेल अशी अपेक्षा पुन्हा धरणार नाही.

पुस्तिकेची मांडणी अशी आहे. पहिल्या दोन प्रकरणांत मूळ प्रत ओळखणं आणि तिची खूण काढणं हे पायरीपायरीने सांगितलं आहे. एनईएसच्या फायलीला १६ बाइटांचं शीर्ष असतं आणि काही साधनं ते धरून खूण काढतात, काही सोडून. त्यामुळे एकाच गेमच्या दोन खुणा कशा दिसतात, हेही तिथे आहे. तिसरं प्रकरण बीपीएसमधल्या जागेचं. चौथ्यात नोंदीचा साचा आणि भरलेले नमुने आहेत. पाचवं, संग्रह चालवणाऱ्यांसाठी : रकाने, ठरलेले पर्याय, इतर नावं, झाकलेली नोंद. ज्यांचे मॉड आधीच कुठेतरी पडून आहेत त्यांनी थेट चौथ्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. साचा छापून घ्या, मॉड एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळा, आणि खेळता खेळता 'माहीत असलेले दोष' हे कलम आधी भरा. बाकीची कलमं त्या ओघात भरली जातात. जुनी मजकुराची फाइल असेल तर ती पुसू नका, तशीच झिपमध्ये ठेवून नवी तिच्या शेजारी ठेवा, आणि नवीवर तारीख घाला.